वाऱ्यानं पान हलतंय, फोटो धूसर येतोय.. मग किड्याचा फोटो काढायचं नेमकं गणित काय असतंय?

ऑगस्ट महिना. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं राजूर. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यासाठी ओळखलं जाणारं गाव. गावाबाहेर पडलं की कापूस, सोयाबीन, तूर. आणि घरामागं सांदवाडीत भेंडी, वांगी, झेंडू, एखादं जास्वंद. ज्याला बाकीचा महाराष्ट्र परसबाग म्हणतो ना, तीच ही सांदवाडी.

आता समजा तिथला एक पोट्टा सकाळी सांदवाडीत गेला. भेंडीच्या पानामागं त्याला काहीतरी दिसलं. काळपट अंग, त्यावर केशरी ठिपके, थोडं काटेरी, छोट्या मगरीसारखं. त्यानं खिशातनं मोबाईल काढला, झूम केलं, बटण दाबलं. आणि नेमका त्याच वेळी वारा आला.

फोटोत काय आलं? हिरव्या रंगात एक काळा फराटा.

तरी फोटो ग्रुपवर गेलाच. "काकाजी, हे काय हाय पाहा बरं." पाच मिनिटांत उत्तर आलं, "अळी हाय, मारून टाक लवकर." दुसऱ्यानं एका बाटलीचा फोटो टाकला. तिसऱ्यानं त्यात अजून एक औषध मिसळायला सांगितलं.

आता खरी गोष्ट ऐका. ते जे काही होतं ती लेडीबर्ड बीटलची अळी होती. म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला जो गोलमटोल किडा आपण लहानपणी हातावर चालवायचो, त्याचं पोर. ते पान खात नाही. ते पानावरचा मावा खातं, आणि मोठं होईपर्यंत शेकड्यानं खातं. कृषी विद्यापीठाच्या भाषेत मित्रकीटक. फोटो नीट आला असता तर ग्रुपमधल्या एखाद्यानं तरी ओळखलं असतं.

हा ग्रुप आणि हा पोट्टा आम्ही उदाहरणासाठी घेतलाय. पण असे फोटो तुमच्या फोनमध्येही असतील, बघा जरा गॅलरीत.

यवतमाळमध्ये हा विषय निव्वळ छंदाचा का नाहीये, हे कळायला २०१७ सालात जावं लागतं. त्या पावसाळ्यात कापूस नेहमीपेक्षा उंच वाढला होता, माणसाच्या डोक्याला लागेल इतका. किडींचा जोर होता. शेतकरी आणि शेतमजूर दोन-तीन औषधं एकत्र मिसळून फवारत होते. झाडं उंच असल्यामुळं फवारा थेट तोंडावर, छातीवर येत होता. विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. राज्य सरकारनं चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनंही महाराष्ट्रातल्या कापसाची वाट लावली.

फोटो धूसर आले म्हणून हे झालं, असं आम्ही अजिबात म्हणत नाहीये. त्याची कारणं वेगळी आहेत आणि मोठी आहेत. पण किडा कोणता आहे हे न ओळखता मारलेला प्रत्येक फवारा म्हणजे एकदा जास्तीचं विष अंगावर घेणं. आणि हल्ली ओळखायचं काम मोबाईलच्या फोटोवरच होतं. मग तो फोटो नीट यायला नको का?

तर मूळ प्रश्नावर येऊ. माणसाचा फोटो वाऱ्यात बरा येतो, झाडाचा बरा येतो, मग किड्याचाच का बिघडतो?

कारण जवळून फोटो काढताना किडा जेवढा मोठा होतो, तेवढंच त्याचं हलणंही मोठं होतं.

छोटं गणित करू. मॅक्रो लेन्सवर १:१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे किडा खऱ्या आयुष्यात जेवढा, तेवढाच कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर असतो ३६ मिलिमीटर रुंद. तो २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्या ३६ मिलिमीटरमध्ये साधारण ६००० पिक्सेल बसतात. म्हणजे १ मिलिमीटरला जवळपास १६७ पिक्सेल.

आता पान वाऱ्यानं किती हलतं? फार नाही, मधल्या जागेपासून ५ मिलिमीटर इकडं, ५ मिलिमीटर तिकडं, आणि सेकंदाला दोन हेलकावे, असं धरू. लांबून बघितलं तर आपण म्हणू, आज वाराच नाही. पण हेलकाव्याच्या मध्यावर त्या पानाचा वेग असतो सेकंदाला ६३ मिलिमीटर. शटर १/२०० सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्यात पान ०.३ मिलिमीटर सरकतं. म्हणजे ५२ पिक्सेल. फुलकिडा नावाची कीड सगळी मिळून असते १ मिलिमीटरची. तिच्या अंगाचा तिसरा हिस्सा फोटोत नुसता फरफटत गेला.

शटर १/१००० केलं तर १० पिक्सेल. बरं, पण पायावरचे केस दिसणार नाहीत. एका पिक्सेलवर यायचं असेल तर १/१०,००० सेकंद लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० वर थांबतं. बरं, शटर एवढं जोरात चालवलं की आत उजेडच येत नाही, मग आयएसओ वाढवा, मग फोटोत दाणे दिसतात.

हे झालं एक दुखणं. दुसरं याच्याहून बेक्कार आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही.

१:१ वर फोटो काढताना फोकसमध्ये येणारा भाग असतो फक्त १ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. एफ/८ ला साधारण १ मिलिमीटर, एफ/१६ पर्यंत छिद्र बारीक केलं तर दोनाच्या आत. शिवाय छिद्र फार बारीक केलं की फोटोचा तजेला जातो, ते वेगळंच. म्हणजे किड्याचा डोळा फोकसमध्ये असेल तर शेपूट नसतं. आता हेच पान ५ मिलिमीटर पुढं-मागं हललं तर? किडा फोकसच्या त्या पातळ चकतीतनं आत-बाहेर, आत-बाहेर करत राहतो. इथं शटर कितीही वेगवान ठेवा, काही उपयोग नाही. फोटो हललेला नसतो, तो फोकसमधून सुटलेला असतो.

दोन्ही धूसरच दिसतात, त्यामुळं लोक गफलत करतात. ओळखायचं कसं? फोटो मोठा करून बघा. किड्याच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील तर तो हललाय. आणि किडा सगळीकडून लोण्यासारखा मऊ झालाय, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं पानाचं एखादं केस मात्र लख्ख दिसतंय, तर फोकस सुटलाय. पहिल्याला औषध वेग. दुसऱ्याला औषध तुम्ही बसता कुठं ते.

बसता कुठं म्हणजे?

वारा ज्या दिशेनं वाहतो, देठ जास्त करून त्याच दिशेत झुलतो. तुम्ही वाऱ्याच्या रेषेत बसून, म्हणजे वारा तोंडावर किंवा पाठीवर घेऊन फोटो काढत असाल, तर पान तुमच्याकडं येतं आणि लांब जातं. थेट दुसऱ्या दुखण्यात सापडलात. त्याऐवजी वारा एका कानावर घेऊन बसा. आता पान डावीकडून उजवीकडं झुलेल. चौकटीत तुमच्याकडं ३६ मिलिमीटर जागा आहे, खोलीत मात्र १. नुकसान कुठल्या बाजूला परवडतं ते तुम्हीच सांगा.

काही जण म्हणतील, पाठीनं वारा अडवला तर पान हलणारच नाही. बरोबर आहे, थोडा फरक पडतो. पण जे काही हलणं उरतं ते सगळं फोकसच्या दिशेतच उरतं. त्यापेक्षा सोबतच्या माणसाला छत्री धरून वाऱ्याच्या बाजूला उभं करा आणि तुम्ही आडवे बसा. घरातली जुनी काळी छत्री या कामात भारी. विजा चमकत असतील तर मात्र छत्री आणि कॅमेरा दोन्ही घेऊन गुमान घरात जायचं.

आता वेगाचं औषध. कॅमेऱ्यावर लावायचा जो वेगळा फ्लॅश असतो, त्याच्यात झेनॉन वायूची नळी असते. ती चमकून विझायला किती वेळ लागतो? पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद. पण ताकद कमी केली की फ्लॅश मंद होत नाही, तो लवकर विझतो. एका चांगल्या फ्लॅशला १/१६ ताकदीवर ठेवलं तर चमक १/१०,००० सेकंदाच्या आसपास येते, १/६४ ला १/३०,००० च्या. म्हणजे शटर १/२०० वरच आहे, पण उजेड फक्त १/१०,००० सेकंद होता. फोटो तेवढ्याच क्षणाचा उमटतो. मघाशी आपल्याला लागत होता तो आकडा हाच.

ही आयडिया काही आजची नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात असल्या चमकणाऱ्या दिव्यांवर काम केलं आणि डोळ्याला न दिसणारे क्षण फोटोत पकडून दाखवले. पुढं ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी खास जलद फ्लॅश वापरून उडत्या किड्यांचे फोटो काढले. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नाव बॉर्न ऑन द विंड. पानावर बसलेला सोडा, पंख फडफडवत उडणारा किडा त्यांनी लख्ख पकडला होता.

पण यात एक गंमत आहे. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा फ्लॅश सोडून बाकीचा उजेड कमी असतो. भर उन्हात फ्लॅश मारला तर १/२०० सेकंद ऊनही आपला फोटो काढत बसतं. मग किडा लख्ख येतो आणि त्याच्या बाजूला त्याचं पुसट भूत उमटतं. म्हणून फ्लॅशवाल्यांनी सावली शोधायची. छत्री इथं दुसऱ्यांदा कामाला येते, वारा पण अडवते आणि ऊन पण. आणि फ्लॅशपुढं बटर पेपर लावा, नाहीतर लेडीबर्डच्या पाठीवर स्टीलच्या भांड्यासारखा पांढरा डाग पडतो.

"भाऊ, आमच्याकडं कॅमेरा नाही, साधा मोबाईल आहे.."

मान्य. ९९ टक्के लोकांचं तेच आहे, म्हणून मोबाईलवर जरा जास्त बोलू.

पहिली गोष्ट, मोबाईलचा फ्लॅश हा फ्लॅश नसतो. तो एलईडी दिवा असतो, बॅटरीसारखा. तो १/१०,००० सेकंदात चमकून विझत नाही. त्यामुळं तो किड्याला गोठवत नाही, फक्त उजेड देतो. त्याचा फायदा एवढाच की उजेड वाढला की मोबाईल आपोआप शटर जलद करतो.

आणि इथं कॅमेऱ्याच्या उलटं आहे. फ्लॅशवाल्याला सावली पाहिजे, मोबाईलवाल्याला ऊन पाहिजे. मोबाईलचं छिद्र बहुतेक वेळा कायम उघडंच असतं, लहान-मोठं होत नाही. त्यामुळं लख्ख उजेडात तो शटरचा वेग वाढवतो, सावलीत कमी करतो. आता किडी असतात पानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे सावलीत. मग काय करायचं? स्टीलचं ताट घ्या. ऊन ताटावर घेऊन पानाच्या खाली फेका. पांढरा पुठ्ठा घेतला तर उजेड मऊ पडतो, ताटाचा कडक पडतो. ज्याला जे जमेल ते.

मोबाईलवर झूम करून किड्याच्या लांबून फोटो काढणं आणि जवळ जाऊन काढणं यात फरक आहे, तो पण लक्षात घ्या. बऱ्याच फोनमध्ये आता मॅक्रो मोड असतो. आयफोनमध्ये तो २०२१ च्या १३ प्रो पासून आला, २ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. स्वस्त फोनमध्ये वेगळी मॅक्रो लेन्स दिलेली असते, पण तिचे मेगापिक्सेल बरेचदा इतके कमी असतात की ती नावालाच आहे असं आमचं स्पष्ट मत. त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यावर चिमट्यानं लावायची भिंगाची लेन्स बरी.

मोबाईलमध्ये एका बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. त्याचा सेन्सर बारका असल्यामुळं फोकसची चकती जरा जाड मिळते. समजा ५ सेंटीमीटरचा भाग ४००० पिक्सेलमध्ये आला, तर १ मिलिमीटरला ८० पिक्सेल. मघाचंच पान, मघाचाच वारा. १/२०० ला २५ पिक्सेल फराटा, १/१००० ला ५, १/४००० ला एखादा. म्हणजे भर उन्हात, प्रो मोडमध्ये शटर १/२००० च्या वर ठेवलं तर साध्या फोनवरही काम होतं. प्रो मोड नसेल तर बटण दाबून धरा, एका दमात वीस-तीस फोटो निघतात, त्यातला एखादा बरा येतोच.

तो बरा का येतो, यालाही कारण आहे. झोका आठवा. मध्यावर सगळ्यात जोरात असतो, आणि टोकाला पोचला की क्षणभर थांबतो, मग परत फिरतो. पानाचंही तसंच आहे. प्रत्येक हेलकाव्याला दोनदा त्याचा वेग शून्य होतो. तुमच्या वीस फोटोंतला जो लख्ख आलाय, तो बहुतेक त्या टोकाच्या क्षणाचा असतो.

एक सल्ला मात्र सगळीकडं दिला जातो आणि वाऱ्यात तो निम्मा चुकीचा ठरतो. ट्रायपॉड लावा. अहो, ट्रायपॉडनं कॅमेरा स्थिर होतो, पान नाही. इथं कॅमेरा हलतोय ही तक्रारच नाहीये.

त्यापेक्षा वेगळी पद्धत आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांत किड्याच्या खालचा देठ अलगद धरायचा. आणि कॅमेऱ्याची किंवा मोबाईलची कड त्याच डाव्या हातावर टेकवायची. आता हात हलला तर पान पण हलतं आणि कॅमेरा पण हलतो, दोघांमधलं अंतर तेच राहतं. वारा आला तरी फोकसची चकती पानासोबतच फिरते. दहा-बारा वेळा जमणार नाही, किडा उडून जाईल. पण एकदा हात बसला की बाकीचं सामान लागत नाही.

यात एक धोका आहे आणि तो यवतमाळमध्ये सांगायलाच पाहिजे. नुकत्याच फवारलेल्या झाडाला असा हात लावायचा नाही. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, "काकाजी, फवारणी कधी झाली?" औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती वेळ शेतात जायचं नाही हे लिहिलेलं असेल तर तेवढे दिवस फोटो बाजूला ठेवायचा. पानाच्या मागं तोंड घालून, जवळून श्वास घेत आपण फोटो काढतो, हे विसरू नका.

हात लावायचा नसेल तर दुसरा जुगाड. परदेशात झाडाचा देठ धरून ठेवणारे लवचिक दांड्याचे चिमटे विकत मिळतात, त्यांची किंमत बघून आम्ही पान बंद केलं. आपल्याकडं कपडे वाळत घालायचा चिमटा असतो आणि विदर्भात पऱ्हाटीला तोटा नाही. कापूस वेचून झाला की जी वाळकी काडी उरते ती पऱ्हाटी. ती झाडाजवळ जमिनीत खुपसायची, तिला चिमटा बांधायचा, चिमट्यात देठ धरायचा. तुराटी पण चालते. चिमट्याला थोडा कापूस लावा म्हणजे देठ चेंगरणार नाही. किड्यापासून जितकं जवळ धराल तितकं हलणं कमी.

आता वेळेचं बोलू.

वाऱ्याचा अंदाज सांगतात तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा. जमिनीलगत गवत, झाडं, ढेकळं यांना घासून वारा मंदावतो. त्यामुळं अंदाजात १५ किलोमीटर दिसलं म्हणून घरी बसायचं कारण नाही. गुडघ्याखालची पानं शोधा. वाऱ्याचा जोर डोळ्यानं ओळखायला १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी एक मोजपट्टी बनवली होती, ती पुढं जमिनीसाठीही वापरात आली. तिच्यात पानं नुसती सळसळतात तो वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि बारक्या फांद्या सतत हलत राहतात तो १२ ते १९. धूळ आणि कागद उडतात तो २० ते २८. आमच्या हिशोबानं दुसऱ्या प्रकारापर्यंत बसायचं. तिसऱ्यात चहा प्यायचा.

हिवाळ्यात वणी-राजूरकडं पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो. रात्री जमीन गार पडते, तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन तिथंच बसून राहते. वरचा वारा खाली उतरत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, की हवा वर-खाली ढवळायला लागते आणि वरचा वारा खाली पोचतो. म्हणून सकाळी साडेसहा ते आठ शांतता आणि अकरानंतर पानं नाचायला लागतात. शिवाय किड्यांचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. उडायचे स्नायू गरम झाल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. गारठलेला चतुर दवाचे थेंब अंगावर घेऊन तुमच्यासमोर तसाच बसून राहतो. पावसाळ्यात हे गणित एवढं पक्कं नसतं, मोसमी वारा दिवसभर असतो. तरी सकाळ दुपारपेक्षा बरी.

वारा एकसारखा कधीच नसतो, झुळकी-झुळकीनं येतो. कापसाच्या शेतात बसलात तर झुळूक येताना दिसते. लांबची पानं पांढरी होत लाटेसारखी तुमच्याकडं येतात. लाट गेली की काही सेकंद शांतता. बटण तेव्हा दाबायचं. बाकी वेळ फोकस आधीच लावून, श्वास धरून बसायचं. लोक ऐन वाऱ्यात शंभर फोटो काढतात आणि शांततेत मोबाईल पुसत बसतात.

पुसण्यावरून आठवलं. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत राहत असाल तर लेन्स शर्टाच्या टोकानं पुसू नका. ती धूळ खरखरीत असते. आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ कपडा. अर्धे धूसर फोटो वाऱ्यामुळं नसतात, लेन्सवरच्या बोटाच्या ठशामुळं असतात.

बरं, एवढं करून फोटो आला. ओळखायला तो पुरतो का?

नेहमी नाही. आणि इथं फोटोग्राफीवाले आणि शेतीवाले यांचे रस्ते वेगळे होतात. फोटोग्राफीवाल्याला डोळ्यात डोळा घालणारा समोरचा फोटो पाहिजे असतो. ओळखणाऱ्याला पाहिजे असतो वरून एक, बाजूनं एक, आणि एक लांबून, ज्यात पान कोणतं आणि नुकसान कसलं ते कळेल. शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं असलं तर उत्तम. भेंडी, जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले आहेत. त्यामुळं सांदवाडीतल्या भेंडीवर तुडतुडे, मावा, पांढरी माशी दिसली तर बाजूच्या कापसावरही नजर टाकावी. तुडतुडा ३ मिलिमीटरचा, पाचरीसारखा, हात लावला की तिरका चालतो. मावा १-२ मिलिमीटरचा, घोळक्यानं बसतो. गुलाबी बोंडअळीचा तर फोटो काढायला किडा सापडतच नाही, ती बोंडाच्या आत असते. तिथं डोमकळीचा फोटो काढायचा. डोमकळी म्हणजे गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं कापसाचं फूल. त्याच्या पाकळ्या उघडल्या की आत अळी मिळते. फूल हातभर मोठं नसलं तरी किड्यापेक्षा खूप मोठं, वाऱ्यातही फोटो येतो.

वाऱ्यावरचा सगळ्यात सोपा उपाय शेतीवाल्यांनीच काढलाय. किडाच पानावरून उतरवायचा. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटकायची, जे पडेल त्याचा भिंतीच्या आडोशाला फोटो काढायचा. वाधवानी एआय या संस्थेनं कापसासाठी जे ॲप बनवलं त्यात हेच तत्त्व आहे. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग कोऱ्या कागदावर पसरायचे, मोबाईलनं फोटो काढायचा, मशीन बोंडअळीचे पतंग मोजतं. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीनं धोक्याची पातळी ओलांडली असं मानतात. केंद्रीय कृषी मंत्रालयानंही १५ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली, तिच्यात शेतकऱ्यानं फोटो टाकला की एआय कीड ओळखतं. पण मशीनलाही फराटा ओळखता येत नाही.

महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप नावाचा प्रकल्प चालतो, त्यात प्रशिक्षित लोक ठराविक शेतात जाऊन झाडं निवडून किडी मोजतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. पानामागं सरासरी २-३ तुडतुडे झाले तर फवारणीचा विचार, त्याआधी नाही. म्हणजे एका तुडत्याचा सुंदर फोटो मिळाला तरी निर्णय व्हायला दहा-वीस झाडं बघावी लागतात. शंका असेल तर फोटो कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला पाठवा. ग्रुपवर पण टाका, त्याला काही ना नाही, पण औषध ग्रुपवर ठरवू नका.

हा लेख लिहायच्या आधी आम्ही स्वतः घरामागच्या जास्वंदीवर एक सकाळ घालवली. वारा मध्यम, मोबाईल साधा, छत्री एक, ताट एक. १४० फोटो काढले. कामाचे निघाले सहा. दोन लेडीबर्डचे, तीन माव्याचे, आणि एक असा की ज्यात मुख्य किडा धूसर होता, पण मागच्या पानाच्या कडेला पांढऱ्या केसांच्या टोकावर बारीक मणी बसवल्यासारखं काहीतरी दिसलं. मोठं करून बघितलं तर ती क्रायसोपाची अंडी. ही हिरवी जाळीदार पंखांची माशी अंडं पानावर ठेवत नाही, आधी एक धागा उभा करते आणि त्याच्या टोकावर अंडं टेकवते. तिची अळीसुद्धा मावाच खाते. जास्वंदीला फवारायचं म्हणून आणलेली बाटली तशीच कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी त्या अंड्यांचा नीट फोटो काढायला गेलो. धागा केसाहून बारीक, अंडं एक मिलिमीटरच्या आत, आणि पान थांबलं तरी धागा हलत राहतो. छत्री धरली, चिमटा लावला, वारा कानावर घेतला. तो फोटो अजून जमलेला नाही.